असे म्हणणे खरे नाही

(वाचनालयाच्या वार्षिक स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आपल्या वाचनालयाचे ग्रंथपाल गुरुजी, शनिवारी दुपारी देवघेवीच्या खिडकीशी उभे राहून एखाद्या शाळकरी पोराने काळापहाडाचे किंवा झुंजाराचे नवे पुस्तक मागितले, की चष्म्याच्या वरून त्याच्याकडे एकदा पाहात, अवाक्षर न बोलता ते पुस्तक काढून देत, आणि त्याच्या जोडीला न मागितलेले दुसरे एखादे पुस्तक, कधी चरित्र, कधी प्रवासवर्णन, त्याच्याच खात्यावर चढवून मोकळे होत. ते दुसरे पुस्तक मी बहुधा न वाचताच परत करीत असे. आज साठ वर्षांनंतर त्याच इमारतीत, त्यांच्या तसबिरीसमोर उभे राहून, मी विषय निवडला आहे तो पहिल्याच प्रकारच्या पुस्तकांचा. गुरुजी असते तर त्यांनी पुन्हा चष्म्याच्या वरून पाहिले असते. परंतु पुस्तक मात्र दिले असते.

काळापहाड आणि झुंजार यांचे जनक बाबूराव अर्नाळकर (१९०६–१९९६) यांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, आणि त्यांच्याही आधी गो. ना. दातारांनी रेनॉल्ड्सच्या विलायती कथानकांना मराठी पोशाख चढवून आमच्या आजोबांची झोप उडवली, हे आपणांस ठाऊकच आहे. त्यांचा महिमा गाण्यासाठी मी उभा नाही. त्या काळातली एक क्षुल्लक गोष्ट तेवढी सांगतो, कारण पुढच्या सगळ्या विवेचनाचे मूळ तिच्यात आहे. वाचनालयातून आणलेल्या एका रहस्यकथेच्या तिसाव्या पानावर, एका नोकराच्या नावाखाली, माझ्याआधीच्या कोणा वाचकाने पेन्सिलीने रेघ ओढून समासात लिहून ठेवले होते, 'खुनी हाच.' माझा संताप अनावर झाला, पण पुस्तक सोडवेना. तेव्हा त्या नोकराची प्रत्येक हालचाल, त्याचे दार लोटणे, त्याचे पाण्याचा तांब्या ठेवणे, मी गुन्हेगाराची हालचाल म्हणून वाचीत गेलो, आणि त्याच्या साध्या बोलण्यातही मला कपट दिसू लागले. शेवटच्या प्रकरणात खुनी निघाला भलताच! समासातला तो मजकूर निव्वळ खोडसाळपणा होता. परंतु मला आजवर खुपते ते हे, की ज्याचे नाव नाही, गाव नाही, अशा एका पेन्सिलीच्या शब्दावर मी विश्वास ठेवला, आणि शंभर पाने स्वतःच्या तोंडाने आपले निरपराधित्व सांगणाऱ्या त्या गरीब नोकराच्या शब्दावर ठेवला नाही.

पुढे चरितार्थासाठी मी न्यायालयाच्या दप्तरात लागलो, आणि नोकरीची अधिकांश वर्षे बेंच क्लार्क म्हणून साक्षीपुराव्याच्या कागदांत घालवली. ज्यांना न्यायालयाची पायरी चढण्याचा प्रसंग आला नाही, त्या भाग्यवंतांसाठी सांगतो. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो, त्याचा सरतपास होतो, मग उलटतपास होतो, क्वचित फेरतपासही. वकील प्रश्न विचारतो, साक्षीदार उत्तर देतो. परंतु कागदावर प्रश्न सहसा उतरत नाहीत, उत्तरे तेवढी एका सलग, प्रथमपुरुषी, नीटनेटक्या निवेदनात गुंफली जातात. वकिलाने सुचवलेली गोष्ट साक्षीदाराने नाकारली, की लिहावयाचे, 'असे म्हणणे खरे नाही.' उलटतपासाचा शेवट तर ठरलेलाच: 'मी खोटी साक्ष देत आहे, असे म्हणणे खरे नाही.' खरे बोलणाऱ्याचीही साक्ष या वाक्यावर संपते आणि बेलाशक खोटे बोलणाऱ्याचीही याच वाक्यावर संपते. आणि ते इतक्या वेळा माझ्या हातून कागदावर उतरले आहे, की अजूनही घरात कोणी काही विचारले, तर पहिल्याने तेच तोंडात येते.

एका मिळकतीच्या दाव्यात एक वृद्ध बाई साक्षीला आल्या होत्या. बांध कोणी सरकवला, एवढाच प्रश्न. बाई किती वेळ गप्प राहिल्या ते मी मोजले नाही, परंतु पंख्याचा आवाज ऐकू यावा इतका वेळ त्या गप्प होत्या; त्यांनी एकवार मागच्या बाकाकडे पाहिले, जिथे त्यांचा मुलगा बसला होता, मग पदर सारखा केला आणि म्हणाल्या, 'मला सांगता यायचं नाही.' कागदावर उतरले, 'मला सांगता येणार नाही.' ती शांतता उतरली नाही, मागच्या बाकाकडे गेलेली दृष्टी उतरली नाही, पदर उतरला नाही. साक्षीदाराच्या वर्तनाविषयी शेरा नोंदवण्याची मुभा कायद्याने न्यायाधीशांना दिलेली आहे. पण समोर तारखांची चळत पडलेली असताना पदरावर शेरा कोण लिहिणार? त्या दिवशी संध्याकाळी घरी जाऊन मी नेहमीप्रमाणे एक इंग्रजी रहस्यकादंबरी उघडली, आणि मला प्रथमच उमगले, की दप्तर जे गाळते तेच ही कादंबरी टिपून ठेवते. कोण कुठे अडखळला, कोणाच्या देखत अडखळला, आणि त्या अडखळण्याचा अर्थ लावताना ऐकणाराने कोणती चूक केली, हा तिचा खरा विषय आहे. खुनी कोण, हे कोडे वाचकाला पान उलटायला लावते; पण पुस्तक मिटल्यावर मनात उरते ते हेच, की कोणाच्या शब्दाला किंमत मिळाली आणि कोणाच्या नाही.

या दृष्टीने पाहू गेल्यास विल्की कॉलिन्सची 'द मूनस्टोन' (१८६८) ही कादंबरी मला आद्यपीठासारखी वाटते. श्रीरंगपट्टणच्या १७९९ च्या लुटीत एका इंग्रज अधिकाऱ्याने पळवलेला देवमूर्तीचा हिरा, यॉर्कशरमधल्या एका वाड्यात त्याची चोरी, आणि त्याच्या शोधात तीन ब्राह्मण गारुड्यांच्या वेषात त्या वाड्याभोवती घिरट्या घालणारे, असे ते कथानक. कॉलिन्सने सगळी गोष्ट साक्षीदारांच्या तोंडून वदवली आहे: म्हातारा कारभारी, सोवळी नातेवाईक बाई, घराण्याचा वकील, असा प्रत्येक जण आपापली कैफियत लिहून देतो, आणि प्रत्येकाला ताकीद अशी, की स्वतः पाहिले तेवढेच सांगावे. रचनेचे हे कौशल्य अद्वितीय आहे. परंतु ज्यांच्या देवाचा हिरा, ज्यांनी त्याच्यासाठी घरदार आणि जात गमावली, त्या तिघांची कैफियत मात्र या फायलीत कोठेही नाही. त्यांच्याविषयी इतर सगळे सांगतात. त्यांना कोणी विचारीत नाही. कॉलिन्सची सहानुभूती त्यांच्याकडे होती, हे सुज्ञ वाचकाला कळते. तरीही त्यांचा जबाब नोंदवून घेण्याचे त्या थोर लेखकालाही सुचले नाही, की धैर्य झाले नाही, हे मला सांगता येणार नाही.

आता कल्पित सोडून एका घडलेल्या खटल्याकडे वळतो, कारण त्याच्यावर अलीकडे दोन चांगली पुस्तके निघाली आहेत आणि त्याचा एक धागा आपल्या मुंबईत पोचतो. शापूरजी एदलजी हे मुंबईचे पारशी गृहस्थ ख्रिस्ती झाले, विलायतेस गेले, आणि स्टॅफर्डशरमधल्या ग्रेट वर्ली या खेड्याच्या चर्चचे धर्मोपदेशक झाले. त्यांचा मुलगा जॉर्ज बर्मिंगहॅममध्ये सॉलिसिटर होता. रेल्वेच्या उतारूंना कायदा समजावा म्हणून त्याने एक छोटेसे पुस्तकही लिहिले होते. या कुटुंबाला निनावी पत्रांचा उपद्रव कित्येक वर्षे होत असे. १९०३ मध्ये त्या भागात रात्री गुरांची आणि घोड्यांची पोटे फाडण्याचे प्रकार सुरू झाले, आणि पोलिसांनी जॉर्जला धरले. वडिलांनी शपथेवर सांगितले, की त्या रात्री मुलगा माझ्याच खोलीत निजला होता आणि खोलीला आतून कुलूप होते. इंग्लंडातल्या खेड्यात धर्मोपदेशकाच्या शब्दाला एरवी केवढा मान! पण हा धर्मोपदेशक सावळा होता. पंचांनी त्याचा शब्द मानला नाही, हस्ताक्षरतज्ज्ञाचा मानला. जॉर्जला सात वर्षांची सक्तमजुरी झाली, आणि तीन वर्षांनंतर, कारण न सांगता, त्याला सोडून देण्यात आले.

मग तो शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल यांना भेटला. डॉयल ठरलेल्या जागी थोडे उशिरा पोचले, तेव्हा हा तरुण वर्तमानपत्र डोळ्यांच्या अगदी जवळ, तेही तिरके धरून वाचीत बसला होता. डॉयल यांनी नेत्रवैद्यकाचा अभ्यास केलेला. त्यांना तत्क्षणीच पटले, की इतक्या क्षीण दृष्टीचा माणूस काळोख्या रात्री शेते, कुंपणे आणि रेल्वेचे रूळ ओलांडून, पोलिसांचा पहारा चुकवून घोड्यापर्यंत पोचूच शकणार नाही. १९०७ च्या जानेवारीत त्यांनी 'डेली टेलिग्राफ'मधून या अन्यायाला वाचा फोडली. सरकारने चौकशी नेमली, जॉर्जला जनावरांच्या गुन्ह्याची माफी दिली, पण निनावी पत्रे त्यानेच लिहिली असा ठपका कायम ठेवून नुकसानभरपाईची एक कवडीही दिली नाही. फौजदारी अपिलांचे न्यायालय इंग्लंडात त्याच वर्षी स्थापन झाले, त्यामागे या प्रकरणाचा रेटा होता.

ज्युलियन बार्न्स यांनी 'आर्थर अँड जॉर्ज' (२००५) या कादंबरीत हे दोन जीवनप्रवाह समांतर वाहवत आणून एकत्र मिळवले आहेत; श्राबणी बसू यांनी २०२१ मध्ये 'द मिस्टरी ऑफ द पारसी लॉयर' हे पुस्तक दप्तरे चाळून लिहिले आहे. कोणते श्रेष्ठ, या वादात मी पडलो नसतो. पण विचारालच तर सांगतो, कलाकृती म्हणून बार्न्स, आणि फाईल म्हणून बसूबाई. बार्न्स यांच्या जॉर्जचा एक स्वभावविशेष मात्र विसरता येत नाही: आपल्याला वर्णामुळे गोवले गेले, हे मान्य करावयास तो स्वतःच तयार नसतो. त्याची श्रद्धा इंग्रजी कायद्यावर. कायद्याच्या कारभारात पूर्वग्रह असू शकतो, असे म्हटले तर त्याच्या पायाखालची जमीनच सरकते. असे पक्षकार मी पाहिले आहेत. निकाल विरुद्ध गेल्यावरही ते नक्कल मागायला येतात तेव्हा चपला बाहेर काढून येतात.

मुंबईकडे येऊ. एच. आर. एफ. कीटिंग यांनी १९६४ मध्ये 'द परफेक्ट मर्डर' लिहून गणेश घोटे नावाचा मुंबईचा इन्स्पेक्टर इंग्रजी साहित्यात आणला, तेव्हा त्यांनी मुंबई पाहिलेलीही नव्हती; ते प्रथम इथे आले ते दहा वर्षांनी. नकाशे आणि वर्तमानपत्रे यांवर उभी केलेली ही मुंबई आपल्याला अधूनमधून कागदी वाटते, घोटेच्या तोंडची मोडकी इंग्रजीही कानाला खुपते. तथापि ज्या कादंबरीत एका श्रीमंताच्या पारशी सेक्रेटरीवर झालेल्या खुनी हल्ल्याचा तपास चालू असतानाच, मंत्रिमहोदयांच्या टेबलातून नाहीशा झालेल्या एका रुपयाचाही तपास त्याच बिचाऱ्या फौजदाराच्या गळ्यात बांधला जातो, त्या कादंबरीच्या लेखकाला सरकारी नोकराचे हृदय कळत नाही, असे म्हणणे खरे नाही. घोटेला वरिष्ठ दरडावतात, धनिक हिणवतात, घरी बायको सुनावते. त्याच्या शब्दाला वजन नाही, म्हणूनच दुसऱ्याच्या वजन नसलेल्या शब्दाकडे त्याचा कान असतो.

अलीकडच्या पुस्तकांपैकी मला सर्वांत अधिक काही देऊन गेली ती सुजाता मॅसी यांची 'अ मर्डर अ‍ॅट मलबार हिल' (२०१८). काळ १९२१, नायिका परवीन मिस्त्री, मुंबईतल्या वडिलांच्या वकिली कचेरीत काम करणारी पारशी तरुणी. या व्यक्तिरेखेच्या पाठीशी ज्या खऱ्या स्त्रिया उभ्या आहेत, त्यांत कॉर्नेलिया सोराबजी प्रमुख: जन्म नाशिकचा, १८६६ चा; शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात; १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली, आणि पदवी मात्र हाती पडली नाही, कारण ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या देण्यास आरंभ केला तो १९२० मध्ये. हिंदुस्थानात स्त्रियांना वकिली करण्याची आडकाठी दूर झाली ती १९२३ च्या कायद्याने. मधली बरीच वर्षे या बाईंनी बंगालकडे कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या वतीने पडदानशीन स्त्रियांच्या मिळकतींचे काम पाहिले. कोणा पुरुष वकिलाला वा अंमलदाराला जिथे प्रवेश नव्हता, तिथे जाऊन त्या बायकांचे म्हणणे ऐकले.

मॅसी यांनी कादंबरीची चूल याच निखाऱ्यावर पेटवली आहे. मलबार हिलवरच्या एका मुसलमान गिरणीमालकाच्या तीन विधवा पडद्यात राहतात, परपुरुषाशी बोलत नाहीत, आणि तिघीही आपला मेहेर आणि वाटा घराण्याच्या वक्फला देत आहेत, असा कागद वकिलांकडे येतो. एकीने सहीच्या जागी नुसती फुली मारली आहे. परवीन त्या फुलीवर थबकते: जिला लिहिता येत नाही तिने हा कागद वाचला कसा, आणि तिला तो वाचून कोणी दाखवला? खून पुढे होतो. पण माझ्यापुरता गुन्हा त्या फुलीपाशीच उघड झाला होता.

कारण निशाणीचे हे जग माझ्या हाताखालून गेले आहे. जुन्या कागदांत कुणब्याच्या सहीच्या जागी नांगराची निशाणी असे. आमच्या काळी डाव्या हाताचा अंगठा. त्याच्या वर आम्ही लिहीत असू, 'वाचून दाखविले, बरोबर आहे.' गर्दीच्या दिवशी, पाच वाजत आलेले असताना, न वाचता, किंवा चार ओळी गुणगुणून, मी हे वाक्य लिहिलेले आहे. एकदा नव्हे, अनेकदा. कोणाचे नुकसान झाले असेल, असे मला त्या वेळी वाटले नाही. एका परदेशस्थ लेखिकेने कल्पिलेल्या मुंबईतल्या एका कल्पित फुलीने ते सगळे अंगठे माझ्यापुढे आणून उभे केले. (पुस्तकात दोषही आहेत. परदेशी वाचकासाठी प्रत्येक खाद्यपदार्थाचा आणि रीतीभातीचा खुलासा करीत बसण्याची खोड लेखिकेला आहे, आणि परवीनच्या विवाहाची पूर्वकथा मूळ खटल्याला खोळंबून ठेवते. पण ही अपिलात टिकणारी कारणे नव्हेत.)

नेव्ह मार्च यांच्या 'मर्डर इन ओल्ड बॉम्बे' (२०२०) चे बीज राजाबाई टॉवरवर आहे. प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावे देणगी देऊन बांधवलेल्या, १८७८ मध्ये पुऱ्या झालेल्या, २८० फूट उंचीच्या त्या मनोऱ्यावरून १८९१ च्या एप्रिलात दोन पारशी तरुण स्त्रिया पडून मृत्यू पावल्या. त्यांपैकी एक, पुढे कुलुपांचा कारखाना काढणारे अर्देशीर गोदरेज यांची पत्नी. खटला झाला, आरोपी निर्दोष सुटला, आणि त्या दोघींचे काय झाले हे कायमचे अनुत्तरित राहिले. पुण्याच्या लष्करी इस्पितळात पडून होम्सच्या गोष्टी वाचणारा कॅप्टन जिम अग्निहोत्री तपासाला लागतो, ही कल्पना गोड आहे. पुढे साहस आणि प्रणय इतके बोकाळतात, की त्या दोघी मागेच राहतात. वसीम खान यांची 'मिडनाइट अ‍ॅट मलबार हाउस' (२०२०) यापेक्षा बांधेसूद. ३१ डिसेंबर १९४९ च्या रात्री, प्रजासत्ताक जन्माला येण्याच्या उंबरठ्यावर, एका इंग्रज मुत्सद्द्याचा खून, आणि तपासाला देशातली पहिली स्त्री इन्स्पेक्टर पर्सिस वाडिया, जिला नकोशा अधिकाऱ्यांच्या अडगळीच्या चौकीत ढकललेले आहे. पर्सिस १९५० पेक्षा २०२० ची अधिक वाटते, हा माझा शेरा. परंतु तिचा अहवाल वाचण्याआधीच बाजूला सारणारे वरिष्ठ कोणत्याही सालचे आहेत. याच मालिकेत पुढे एशियाटिक सोसायटीतल्या दान्तेच्या हस्तलिखिताची चोरी आहे; ते हस्तलिखित खरोखरच तिथे आहे, आणि तूर्त जागेवर आहे.

जपानी लेखक केइगो हिगाशिनो यांची 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' आपणांपैकी तरुणांनी वाचली असेल. तिथे खून आरंभीच दिसतो आणि रहस्य तरीही उरते, हे मला अजूनही जादूसारखे वाटते. रिचर्ड ऑस्मन यांचे वृद्धनिवासातले हेर मला फार आवडले, ते माझ्या वयामुळे असेल. अधिक भाष्य करीत नाही.

कोणी म्हणेल, एवढे सगळे मराठीत का नाही? आमच्या रहस्यकथेला वेग होता, वेषांतरे होती, काळोख्या गल्ल्या आणि बंद खोल्या होत्या. परंतु आमचा नायक दाराआड कान लावून ऐकत असे, समोर बसून सहसा कोणाचे ऐकत नसे. शेवटी तो खलनायकाची मानगूट धरून त्याच्याकडून कबुली वदवून घेई, आणि कथा संपे. पोलीस अंमलदारापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुराव्यात वाचता येत नाही, हा दंडक आपल्याकडे १८७२ च्या साक्षीपुराव्याच्या कायद्यात होता, आणि तो कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून नवा अंमलात आला तरी कायम आहे. आमच्या कादंबरीकारांनी मात्र त्याची दखल घेतली नाही. घेतली असती, तर कबुलीवाचून सत्य कसे सिद्ध करावयाचे, या पेचातून त्यांना तालुक्याच्या न्यायालयात यावे लागले असते, आणि तिथे त्या वृद्ध बाई, मागच्या बाकावरचा मुलगा, पंचनाम्याच्या कोऱ्या कागदावर सही देऊन आलेला पंच, फितूर झालेला शेजारी, हे सगळे त्यांना आयते भेटले असते. माझ्यासारख्या पेन्शनीत निघालेल्या कारकुनांनी तरी हे लिहावयास हवे होते. मी लिहिले नाही, कारण आयुष्यभर दुसऱ्याचे शब्द लिहिण्याची सवय लागलेल्या हाताला स्वतःचे वाक्य जड जाते. पण सभागृहात माझ्याहून तरुण वकील आणि कारकून बसलेले दिसतात, त्यांचा हात अजून हलका आहे.

या व्याख्यानात उल्लेखिलेल्या पुस्तकांपैकी 'द मूनस्टोन', बसूबाईंचे एदलजीवरचे पुस्तक आणि परवीन मिस्त्रीची पहिली कादंबरी अशा तीन प्रती मी आज सकाळी वाचनालयाच्या देवघेव विभागात जमा केल्या आहेत. उद्यापासून त्या नेता येतील. नेणारांनी पेन्सिल घरी ठेवावी, एवढी विनंती आहे.